लांबी कशाची भरायची? बारामती-इंदापूरच्या भिंतींचा एक इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस रंगाऱ्याच्या कामात कशाला शिरला? कारण साधं आहे. काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर मी रंगवून घेतलं आणि त्यात एक चूक केली. ती चूक समजून घेताना मला जो इतिहास वाचावा लागला, तो आज आपल्यापुढे मांडतो आहे.

घर दगडमातीचं. दोन फूट जाडीची भिंत, आतून मातीचा थर आणि त्यावर चुन्याचा गिलावा. नीरा डावा कालवा घरापासून दोन शेतं पलीकडे. पुतणीचं लग्न ठरलं होतं, म्हणून घाई होती. रंगाऱ्याने विचारलं, "सर, लांबी कशाची भरू? पीओपीची का पुट्टीची?" मी म्हणालो, "जी सगळ्यात मजबूत असेल ती." त्याच वेळी गावातले एक जुने गवंडी ओसरीवर बसले होते. त्यांनी भिंतीच्या तळाला हात लावला, बोटं चोळून पाहिली आणि म्हणाले, "सर, हिला ओल हाय. हिला कडक देऊ नका, मऊ द्या." मी हसून विषय बदलला.

लग्नात भिंती आरशासारख्या दिसल्या. दुसऱ्या हिवाळ्यात जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत पुट्टीचे पोपडे सुटले. नुसते पोपडे सुटले असते तर पुन्हा भरता आले असते. पण प्रत्येक पोपड्याच्या पाठीला जुना चुना चिकटून आला, आणि त्याच्यामागची माती पिठासारखी ओंजळीत पडली. आजोबांच्या वेळचा गिलावा माझ्या 'मजबूत' लांबीने दोन वर्षांत उतरवला. एवढी वर्षं टिकलेली भिंत मी दुरुस्त करता करता मोडली. असं का झालं, हा आजचा प्रश्न.

आधी शब्द. खड्डे, भेगा, टवके भरून भिंत सपाट करण्यासाठी रंगाच्या आधी जे लावतात, त्याला आपल्याकडचे रंगारी 'लांबी' म्हणतात. मोटारीचा पत्रा ठोकून झाल्यावर गॅरेजमध्ये भरतात तीही लांबीच. अलीकडे पिशवीवर छापलेला 'पुट्टी' हा शब्द रूढ झाला. पण हे काम त्याहून पुष्कळ जुनं आहे. माणसाने भिंत उभी केली त्या दिवसापासून तिला भेगा पडत आल्या आणि तो त्या बुजवत आला.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनची शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. घरं कशी? मातीच्या बुटक्या भिंती आणि वर कुडाला माती लिंपलेली. म्हणजे भिंत मातीची आणि भरणही मातीचंच. ही जोडी आपल्या भागात विसाव्या शतकापर्यंत चालत आली.

आपल्या गावगाड्यात काळी आणि पांढरी अशी दोन नावं होती. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घर बांधायला पांढरीची माती घ्यायची. कारण काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसून हातभर भेगा पडतात. ती भिंतीत चालत नाही. पांढरीच्या मातीत भुसा, काड, शेण घालून ती तुडवायची, मुरवायची. त्याचे भेंडे पाडायचे, त्याचाच गिलावा करायचा. काड आणि भुसा कशासाठी? माती वाळताना आक्रसते, त्या वेळी तंतू तिला धरून ठेवतात आणि एका मोठ्या भेगेऐवजी बारीक बारीक अनेक भेगा पडतात. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या थरातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात तर गांजाच्या झाडाचे तंतू सापडले, असं 2016 साली प्रसिद्ध झालं आहे.

मातीच्या भिंतीची दुरुस्ती हे गवंड्याचं काम नव्हतं. ते घरातल्या बायकांचं काम होतं. सणावाराला पोतेरं फिरवायचं, खड्डा दिसला की शेणमातीने लिंपायचं, खाली गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढायचा. याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, पण माळवदाची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली ती या हातांवर. त्या खालच्या पट्ट्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. त्याकडे मी परत येणार आहे.

दुसरा टप्पा चुन्याचा. अठराव्या शतकात बारामतीला बाबूजी नाईकांचा वाडा होता, त्यांच्या आश्रयाने मोरोपंत तिथे राहिले, 1794 मध्ये वारले. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांची गढी. अशा वाड्या-गढ्यांच्या काळातली चुन्याची पद्धत जुन्या गवंड्यांच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. आपल्या शेतात जी चुनखडी नांगराला लागते, तीच भट्टीत घालायची. सुमारे 900 अंश तापमानाला तिच्यातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो, विरतो. मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा. कुठे विटांची भुकटी म्हणजे सुरखी, कुठे गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी, ताग असं काही घालायचे.

भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. दगडापासून निघून दगडापर्यंत परत. मात्र हे फार सावकाश होतं, आणि झाल्यावरही चुना सिमेंटइतका कडक होत नाही. त्यात बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाण्याची वाफ आत-बाहेर करू शकते. आपण याला चुन्याचा कमकुवतपणा समजतो. जाड दगडमातीच्या भिंतीसाठी तोच त्याचा गुण आहे.

ओलसर भिंतीचा प्रश्न फक्त आपलाच नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने वास्तुशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागात तो म्हणतो, की तळमजल्याच्या ओलसर खोलीत जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत वाळूऐवजी खापराचा चुरा घालून गिलावा करावा. आणि भिंत कायमच ओली राहत असेल, तर आत दुसरी बारीक भिंत उभारून मधे पोकळी ठेवावी, तिला हवेसाठी तोंडं ठेवावीत. पाणी दाबून ठेवा, असं तो म्हणत नाही. पाण्याला वाट द्या, म्हणतो. खापराचा चुरा म्हणजे आपली सुरखीच. आणि तीन फूट ही उंची तर माझ्या भिंतीवरच मोजून घ्यावी इतकी बरोबर!

इथपर्यंत भिंत आणि तिचं भरण एका जातीचे होते. मग आपल्या तालुक्यांत एक मोठी घटना घडली. तिचा संबंध भिंतीशी आहे, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. ती म्हणजे कालवा.

1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनच्या लोकांनी भोगला. त्यानंतर नीरेवर काम उभं राहिलं. भाटघरचं धरण, वीरजवळचा बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतून सुमारे शंभर मैल जाणारा डावा कालवा. 1885 च्या सुमारास तो सुरू झाला. वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात बारमाही पाणी आलं. ऊस आला, गूळ आला, पुढे 1930 च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं. या भागाची आजची समृद्धी तिथून सुरू होते. त्याबद्दल कृतज्ञता हवीच.

पण पाणी भरपूर दिलं आणि निचरा केला नाही, तर जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. पाणी जमिनीतले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. जमीन चिबड होते, चोपण होते. हे इतक्या लवकर झालं, की कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच, 1910 मध्ये, मुंबई इलाख्याच्या शेती खात्याला नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. ती लिहिणाऱ्यांत डॉ. हॅरल्ड मॅन होते. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि पुढे पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करणारे तेच.

आता विचार करा. शेतात जे पाणी वर चढतं, ते घराच्या जोत्यापाशी येऊन थांबेल का? जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. दगडमातीची भिंत म्हणजे जमिनीत बुडवलेली दिव्याची वात. ती पाणी वर ओढते. तीन-चार फुटांवर, जिथे ओढणं आणि वाळणं यांची बरोबरी होते, तिथे पाणी हवेत जातं आणि क्षार भिंतीत उरतात. आपण त्याला लोणा म्हणतो. 'भिंतीला लोणा लागला' आणि 'शेत खारवटलं' ही दोन वाक्यं आपण वेगळी बोलतो. घटना एकच आहे.

त्या क्षारांपैकी एक आहे सोडियम सल्फेट. हवा कोरडी आणि गरम असली की ते कोरडं राहतं. तापमान सुमारे 32 अंशांच्या खाली गेलं आणि ओलावा मिळाला, की त्याचा प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू धरतो, आणि त्याचं आकारमान तिपटीहून जास्त वाढतं. बारीक छिद्रात हे घडलं तर ते छिद्र फुटतं. पोपडे हिवाळ्यात सुटतात ते यामुळे. माझेही हिवाळ्यातच सुटले.

आता त्या गेरूच्या पट्ट्याकडे परत येतो. दर वर्षी भिंतीच्या तळाला मातीचा पातळ थर द्यायचा. पाणी त्या थरातून बाहेर पडायचं, क्षार त्या थरात साठायचे. वर्षाने तो थर भुसभुशीत होऊन गळायचा, क्षार घेऊन जायचा. मग नवा थर. स्वतः झिजून भिंत वाचवणारा थर! आज युरोपात जुन्या इमारतींचं जतन करणारे तज्ज्ञ मुद्दाम असा गिलावा देतात, त्याला बलिदानी गिलावा म्हणतात. आमच्या आज्या-पणज्या ते करत होत्या. आपण मात्र त्याला गरिबीचं लक्षण मानून सोडून दिलं.

पुढचा टप्पा सिमेंटचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये 1824 सालचं. भारतात त्याचं यशस्वी उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झालं. पण ते खेड्यातल्या भिंतीपर्यंत यायला फार वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिट लागायचं. सिमेंटच्या वाटपावरून 1982 च्या जानेवारीत आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं, हे तुमच्यातल्या पांढऱ्या केसांना आठवत असेल. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण उठलं. त्यानंतर सिमेंटची गोणी तालुक्याच्या दुकानात सहज मिळू लागली, आणि चुन्याची घाणी बंद पडली. सिमेंट चांगलं की वाईट असा हा मुद्दाच नाही. सिमेंट-विटांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अगदी योग्य. चूक झाली ती मातीच्या भिंतीला सिमेंटचा अंगरखा घालताना.

लांबीचंही तसंच झालं. जुने रंगारी खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून, त्यात सफेदा घालून लांबी करायचे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दारं-खिडक्यांच्या लाकडाला ही लांबी अजूनही उत्तम. पण ताज्या चुन्यावर किंवा ताज्या सिमेंटवर ती लावली, तर तिथल्या अल्कलीने तेलाचा साबण होतो आणि लांबी सुटते.

मग पीओपी. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलेलं असतं. पाणी घालताच अर्ध्या तासात दगड होतं आणि आक्रसत नाही. त्यामुळे कोरड्या खोलीत, छताला, खोल खड्ड्याला चांगलं. पण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला साधारण दोन ग्रॅम. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला पीओपी भरणं म्हणजे पाणी तापवायला मेणाचं भांडं घेणं.

आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत घरोघर पोचलेली व्हाइट सिमेंटची पुट्टी. पांढरं सिमेंट, बारीक दगडाची भुकटी आणि चिकटपणासाठी पॉलिमर. सिमेंटच्या गिलाव्यावर ती घट्ट बसते, साध्या दमटपणाला दाद देत नाही. पण तिचा एक हात एक-दीड मिलिमीटरचा, दोन हात मिळून तीन मिलिमीटरच्या आत असावा लागतो. ती भिंत गुळगुळीत करण्यासाठी आहे, खड्डे बुजवण्यासाठी नाही. खड्डा असेल तर आधी सिमेंट-वाळूने भरून, वाळवून, मग पुट्टी. घाईत हे कोणी करत नाही. अर्धा इंच पुट्टी एकदम थापतात, मग ती तडकते आणि दोष कंपनीला देतात.

माझ्या भिंतीवर काय घडलं ते आता आपल्याला सांगता येईल. पाणी मातीतून, चुन्यातून बाहेर येत होतं. मी त्याच्या तोंडावर घट्ट पापुद्रा बसवला, वर चकचकीत रंग दिला. पाणी अडलं, क्षार पापुद्र्याच्या मागे साठले, फुगले, आणि सगळ्यात कमकुवत जागी फुटले. ती जागा पुट्टीची नव्हती. पुट्टी मजबूतच होती! कमकुवत होता तो मागचा चुना. भरण भिंतीपेक्षा कडक असेल, तर मोडायची पाळी भिंतीवर येते. गवंडी बाबांचं 'मऊ द्या' याचा अर्थ हा होता.

आमच्या वैशेषिक दर्शनात दोन संबंध सांगितले आहेत, संयोग आणि समवाय. संयोग म्हणजे दोन वेगळ्या वस्तू एकत्र येणं. त्या पुन्हा वेगळ्या होऊ शकतात. समवाय म्हणजे तंतू आणि वस्त्रासारखा, वेगळा न होणारा संबंध. भरणाचा भिंतीशी समवाय कधीच नसतो, असतो तो संयोग. तो कधीतरी सुटणारच. सुटेल तेव्हा कोण कोणाला घेऊन सुटेल, एवढंच ठरवणं आपल्या हातात असतं.

म्हणून रंगाऱ्याने 'लांबी कशाची' विचारलं, की आपण तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, भिंत कसली आहे? माती असेल तर माती, चुना असेल तर चुना, सिमेंट असेल तर पुट्टी. कळत नसेल तर कोपऱ्यात नाणं घासून बघा. सहज ओरखडा पडून पीठ निघालं तर सिमेंट नव्हे.

दुसरा, ओल आहे का आणि कुठून? हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. चोवीस तासांनी आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. अशा वेळी कोणतीही लांबी घेऊ नका. आधी नळ, गटार, जोत्याला टेकलेली माती, अंगणाचा उतार बघा. लोणा दिसला तर कोरड्या कुंचल्याने झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो.

तिसरा, भेग जिवंत आहे की मेलेली? काळ्या जमिनीवरची घरं ऋतूप्रमाणे हलतात. मे महिन्यात रुंद झालेली भेग सप्टेंबरात मिटते. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा, दोन ऋतू थांबा. टोक पुढे सरकलं किंवा रुंदी बदलली तर भेग जिवंत. तिला कडक काही भरलंत तर शेजारी नवी भेग पडेल. तिथे लवचीक ॲक्रिलिक भरण हवं. खांब आणि विटांच्या सांध्यावर जाळी हवी. वाढतच असेल तर रंगारी नव्हे, अभियंता बोलवायला हवा.

माझ्या घराचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. चार फुटांपर्यंतची सगळी पुट्टी खरवडून काढली. एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवली. लोकांनी विचारलं, "सर, काम अर्धवट का?" बाहेरच्या बाजूने चर काढला, पावसाचं पाणी लांब नेलं. महिनाभर भिजवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग आणि थोडी सुरखी असा गिलावा गवंडी बाबांच्या देखरेखीखाली झाला. वर साधी सफेदी. भिंत आरशासारखी दिसत नाही. हिवाळ्यात तळाशी थोडा लोणा येतो. तो मी झाडतो, आणि दिवाळीआधी पुन्हा हात देतो. आजीचं काम सत्तरीत शिकलो.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. "आम्ही बारामतीत फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला या इतिहासाचा उपयोग काय?" प्रश्न योग्य आहे. तुमची भिंत सिमेंटची आहे, तिला व्हाइट सिमेंटची पुट्टी बेलाशक लावा. नवीन गिलावा असेल तर आधी पाणी मारून पुरेसा पिकू द्या, महिनाभर वाळू द्या. पण बेडरूमच्या भिंतीवर पोपडा आला आणि पलीकडे न्हाणीघर असेल, तर रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला फोन करा. कालवा शंभर मैलांचा असो की अर्ध्या इंचाच्या नळाचा, भिंतीला काही फरक पडत नाही.